कोजागिरी महिपतगडावर: पावसाचा भरवसा नसताना केलेलं एका मुक्कामाचं प्लॅनिंग

प्रकरण असं आहे. खेड-चिपळूणचे आम्ही सहा जण, कोजागिरीला लागून आलेला शनिवार-रविवार, आणि महिपतगड-सुमारगड-रसाळगड हा एका मुक्कामाचा ट्रेक. तारीख तिथीने ठरवलेली त्यामुळे पुढे-मागे करायची सोय नाही आणि हवामान असं की सोमवारी अ‍ॅपवर ऊन, मंगळवारी गडगडाट, बुधवारी परत स्वच्छ ऊन. जायचं का, गेलो तर कुठल्या टोकाने सुरुवात करायची आणि कुठे पोचल्यावर मागे फिरायचं, हे कसं ठरवलं आणि पुढे काय झालं ते सगळं लिहितो. दर ऑक्टोबरला कोणी ना कोणी हे विचारतंच आणि उत्तर ठरलेलं, "पावसाचा काय नेम, बघा तुमचं तुम्ही".

आधी जागा समजून घ्या. खेडच्या पूर्वेला सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर एक छोटी रांग आहे, मध्ये जगबुडीचं खोरं. या रांगेवर उत्तरेला महिपतगड, दक्षिणेला रसाळगड आणि दोघांच्या मधे सुमारगड. महिपतगड तिघांत उंच, समुद्रसपाटीपासून साधारण तीन हजार फूट, माथा प्रचंड मोठा आणि सपाट, वर पारेश्वराचं देऊळ आणि पाण्याची टाकी. रसाळगड सगळ्यात सोपा, रसाळवाडीतून अर्ध्या तासात वर, तिथे झोलाईचं देऊळ, शेजारी पाणी, आणि तोफा भरपूर. सुमारगड लहानसा पण माज त्याचाच जास्त, शेवटी कातळाचा टप्पा आहे आणि तिथे पाय घसरला तर खाली दरीच. वर खांब कोरलेली पाण्याची टाकी आहेत, ती बघायलाच लोक जातात. मधली सगळी वाट धारेवरून, जंगलातून, आणि पावसाळ्यानंतर गवत कमरेच्या वर, कारवी माजलेली, ढोरवाटा दहा फुटलेल्या. माहितगार माणसाशिवाय ही वाट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, फोनमधला नकाशा गवतात उपयोगाचा नाही.

आता यातली गंमत म्हणजे चार महिने धो धो कोसळून सुद्धा ऑक्टोबरात या धारेवर प्यायला पाणी मिळत नाही. उतार तीव्र, खाली काळा कातळ, आलेलं पाणी ओहोळातून सरळ जगबुडीत आणि तिथून खेडच्या बाजारपेठेत (ते आम्ही दरवर्षी गुडघाभर अनुभवतो). त्यामुळे पाणी फक्त किल्ल्यावरच्या टाक्यांत. आणि ऑक्टोबर हीट म्हणजे पारा चौतीस-पस्तीस, हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही. लोकांना वाटतं कोकणात काय पाण्याला तोटा, एक बाटली बास, आणि मग सुमारगडाच्या आधीच जिभेला कोरड. आम्ही माणशी चार लिटर धरलं, म्हणजे पाठीवर चार किलो नुसतं पाणी, आणि त्यातला अर्धा लिटर रसाळगड दिसेपर्यंत उघडायचा नाही असा दम ताईने सगळ्यांना दिला होता. टाक्यातलं पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच, कारण पावसाळ्यानंतर त्यात काय काय वाहून आलेलं असतं ते आपल्याला दिसत नाही.

मुख्य मुद्दा हवामानाचा. हवामान खात्याने २०२० साली मान्सूनच्या तारखा बदलल्या, त्यानुसार मुंबईतून परतीची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, आधी ती सप्टेंबरच्या शेवटी होती. म्हणजे कोजागिरी ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आली की ती परतीच्या पावसाच्या बरोब्बर तोंडावर. आणि हा पाऊस आपल्या सवयीचा नाही. जून ते सप्टेंबर पाऊस समुद्राकडून येतो, आपण पश्चिमेला बघून सांगतो की आता सर येणार. ऑक्टोबरात वरचे वारे पूर्वेकडून वाहायला लागतात, सकाळी आभाळ निळंशार, दुपारपर्यंत जमीन तापते, दमट हवा घाटमाथ्यावर वर चढते, तीनच्या सुमाराला तिथे ढगांचे मनोरे उभे राहतात आणि संध्याकाळी ते घाटावरून खाली आपल्या अंगावर येतात, विजांसकट. म्हणून या दिवसांत डोळा पूर्वेला ठेवायचा, मकरंदगडाच्या दिशेला. समुद्राकडे बघत बसलात तर पाठीमागून कधी आला कळणार पण नाही.

चिपळूणचा मित्र, जो आमच्यातला क्लाइंबर, तो तीन अ‍ॅप उघडून बसलेला आणि तिन्ही वेगळं सांगत होती. आता ही अ‍ॅप ज्या जागतिक मॉडेलवर चालतात त्यातलं चांगल्यातलं चांगलं सुद्धा जमिनीचे नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून हिशोब करतं, म्हणजे आमची आख्खी डोंगररांग असल्या दोन-तीन चौकोनांत संपते, आणि एक वादळी ढग चौकोनापेक्षा छोटा असू शकतो. त्यामुळे "शनिवारी चार वाजता ६० टक्के" वगैरे आकड्यावर भांडण्यात अर्थ नसतो. हवामान खात्याचं जिल्ह्याचं बुलेटिन मला जास्त उपयोगी वाटतं पण तेही वाचता यायला हवं. रत्नागिरीला पिवळा अलर्ट म्हणजे मंडणगडपासून राजापूरपर्यंत आणि हर्णैच्या बंदरापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत सगळ्याला एकच रंग. आणि त्यात "तुरळक ठिकाणी" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त पाव भाग केंद्रांवर पाऊस. तुरळक म्हणजे हलका असं बरेच जण समजतात, तसं नाहीये, जिथे पडेल तिथे झोडपून काढेल.

गुरुवारी बुलेटिन आलं, शनिवार-रविवार दोन्ही दिवस पिवळा, मेघगर्जनेसह तुरळक ठिकाणी. ताई बोलली रद्द करा. मित्र बोलला पिवळ्याला कोण घाबरतं. भाऊजी काहीच बोलले नाहीत, त्यांचा गुडघा दुखत होता, त्यांना दोन्ही चाललं असतं.

इथे मी एक केलं, पाऊस पडणार का हा विषयच बाजूला ठेवायला लावला. तो आपल्याला कळणार नाहीये, शनिवारी सकाळी सुद्धा नाही. त्याऐवजी असं धरायचं की दोन्ही दिवस दुपारी तीन ते सात वीज आणि पाऊस येणारच आहे, आणि मग बघायचं की त्या वेळेला आपण कुठे असतो. छपराखाली, जंगलात, की उघड्या माथ्यावर. एवढा एक प्रश्न घेतला आणि सगळं प्लॅनिंग उलटं झालं.

उलटं म्हणजे शब्दशः. बरेच लोक रसाळगडावरून सुरू करतात, पहिली रात्र झोलाईच्या देवळात, दुसऱ्या दिवशी सुमारगड करून महिपतगड आणि त्याच्या पायथ्याच्या वाडी बेलदारकडे उतार. कागदावर छान दिसतं. पण वेळा मांडा. रसाळगड सोडला सहाला, सुमारगडाला चार-पाच तास, म्हणजे कातळाखाली अकरा, वर जाऊन खाली यायला तास-दीड तास, पुढे महिपतगडाला तीन-चार तास, म्हणजे चार वाजता आपण त्या अवाढव्य सपाट माथ्यावर, जिथे आजूबाजूला सगळ्यात उंच वस्तू आपणच, आणि त्यानंतर ओल्या लोखंडी शिड्यांवरून बेलदारला उतरायचं, अंधार पडायला दोन तास बाकी असताना. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो आणि जंगलात त्याच्या आधीच काळोख होतो.

उलट्या बाजूने केलं तर शनिवारी बेलदारहून चढून दुपारी एकपर्यंत पारेश्वराच्या देवळात, म्हणजे वादळाच्या वेळेला डोक्यावर छप्पर. रविवारी उजाडता उजाडता निघायचं, दहापर्यंत सुमारगडाखाली, म्हणजे अवघड कातळ सकाळच्या सुरक्षित वेळात. आणि उरलेली चार-पाच तासांची चाल बहुतेक झाडीतून, शेवटाला रसाळगडाचा सोपा उतार, वाडी आणि डांबरी रस्ता. जंगलात पाऊस आला तर भिजू, पण दरीत जाणार नाही. विजेत झाडाखाली थांबू नये हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याचा अर्थ एकट्या उंच झाडाखाली नको असा, दाट सारख्या उंचीच्या झाडीत खोडापासून लांब उकिडवं बसणं हे उघड्या माथ्यापेक्षा नक्कीच बरं. दोन्हीपेक्षा घर बरं हे वेगळं सांगायला नको.

मग मागे फिरायच्या जागा ठरवल्या आणि मुद्दाम लिहून ग्रुपवर टाकल्या, कारण वर गेल्यावर सगळ्यांना शौर्य सुचतं. शनिवारी बेलदारमध्येच सकाळी दहाच्या आत गडगडायला लागलं तर चढायचंच नाही. रविवारी सकाळी महिपतगडावरून पूर्वेला काळं दिसलं तर आलो तसे बेलदारला परत. सुमारगडाखाली दहाच्या पुढे पोचलो, किंवा कातळ ओला असला, किंवा वाटाड्या नको बोलला, या तिघांतलं एक जरी झालं तरी वर चढायचं नाही, खालून पुढे निघायचं. आणि वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आली, तिथेच आडोसा शोधायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं दामिनी अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर घेतलं, ते आपल्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं, पण धारेवर रेंज येते-जाते त्यामुळे आपले कान शाबूत ठेवायचे.

वाटाड्याचं प्रकरण जरा वेगळंच. ऑक्टोबर म्हणजे भातकापणी. वाडीत एक माणूस रिकामा नसतो, तुम्ही दुप्पट पैसे देतो बोललात तरी शेत सोडून कोण येणार, आणि ते बरोबरच आहे. शेवटी बेलदारचे एक काका तयार झाले, साठीच्या पुढचे, घरातली पोरं कापणीला होती म्हणून. फोनवर त्यांना विचारलं की भात कापून शेतात आडवं टाकलंय का? बोलले हळवं (लवकर पिकणारं) टाकलंय सुकायला, गरवं (उशिरा पिकणारं) उभं आहे. म्हणजे वाडीला दोन-चार दिवस मोठ्या पावसाची भीती नव्हती. हा माझा आवडता अंदाज आहे पण त्यालाही डोक्यावर घेऊ नका, २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीला क्यार वादळ समुद्रातल्या समुद्रात गेलं आणि तरीही कोकणात कापलेली भातं शेतातच कुजली, तेव्हा जाणत्या लोकांचेही अंदाज चुकले होते. पैशाचं मात्र आधीच बोलून घ्या आणि मधूनच मागे फिरलो तरी पूर्ण देणार हे पण आधीच सांगा. अर्धी वाट झाली तर अर्धे पैसे असं ठेवलंत की त्या माणसाला "चला मागे" म्हणणं महागात पडतं, आणि आपल्याला तर तो तेवढ्यासाठीच हवा असतो.

सामानावर फार लिहीत नाही. तंबू नेला नाही, देवळात मुक्काम होता, त्यासाठी वाडीत विचारून घेतलं. देऊळ म्हटल्यावर सुका जवळा घरीच राहिला, भाच्याचा चेहरा पडला. कुळथाचं पीठ, तांदूळ, लसणीची चटणी, गूळ-खोबरं, आगळाची (कोकमाच्या घट्ट रसाची) छोटी बाटली आणि मीठ. कोजागिरीच्या दुधावरून मात्र अर्धा तास वाद, ताईला म्हशीचंच दूध न्यायचं होतं, आणि त्या उन्हात दुपारपर्यंत त्याचं पनीर झालं असतं. पावडर नेली. फुरसं या विषारी सापाच्या भीतीने प्रत्येकाला पायात बूट आणि हातात काठी, सकाळी बूट झटकून घालायचे, गवतात हात घालायचा नाही. आपल्याकडे सापाच्या विषावर जी लस मिळते ती फुरसं, घोणस, नाग, मण्यार या चौघांवर चालते, हिरव्या चापड्यावर ती लागू नाही, पण चावल्यावर ओळख पटवत बसायचं नाही, सरळ १०८ आणि कळंबणीचं उपजिल्हा रुग्णालय. अर्थात धारेवरून रस्त्यापर्यंत माणूस उचलून आणायला काही तास लागतात, हे लक्षात ठेवूनच पाय टाकायचा.

शनिवार एकदम प्लॅनप्रमाणे गेला. सकाळी काका बेलदारच्या वेशीवर कोयता घेऊन उभेच होते. चढताना घामाने अंघोळ झाली, एकच्या आधी देवळात. चारला मकरंदगडाच्या मागून ढग वर आले, साडेचारला पहिला आवाज, भाचा सेकंद मोजत होता, चाळीस, पस्तीस, अठ्ठावीस, मग सगळे आत, दाराच्या लोखंडापासून आणि भिंतीपासून लांब. तासभर असा पडला की टाक्यांकडची वाट दिसेना. भाऊजी पहिल्यांदा बोलले, "हे सुमारगडावर असतो तर?" कोणी उत्तर दिलं नाही. नऊच्या पुढे आभाळ फाटलं, चंद्र आला, पावडरीचं दूध आटवलं, त्यात ताईने आणलेली जायफळाची पूड. ताई अजूनही बोलते ते दूध नव्हतं.

रविवारी सव्वासहाला निघालो. गवत इतकं ओलं की पाच मिनिटांत कमरेपर्यंत भिजलो, पावसात नाही तर दवात. काका पुढे कोयत्याने वाट काढत. पावणेदहाला सुमारगडाखाली. ऊन लख्ख, पूर्वेला एक ढग नाही. कातळाकडे बघितलं तर सावलीतली बाजू काळी, चकाकती. काकांनी हात लावला, अंगठ्याने जरा खरवडलं आणि बोलले, "श्याळ हाय. माजा पाय ठरंल, तुमचा नाय ठरायचा."

मित्र तयार नव्हता. त्याचं म्हणणं, ऊन आहे, तासाभरात सुकेल, दोर आहे, आपण थांबू. बोलण्यात तथ्य होतं, कातळ सुकलाही असता. पण तास थांबलो तर पावणेअकरा, वर चढून बघून उतरायला बारा-सव्वाबारा, पुढे पाच तास, म्हणजे तीन ते पाच पुन्हा धारेवर, आणि ती वेळ टाळायलाच तर सगळं उलटं केलं होतं. मग त्याने दुसरं काढलं, मी आणि काका दोघंच जातो, तुम्ही बसा. इथे मी नाही बोललो. वाट माहीत असलेला माणूस एकच, तो वर अडकला तर खाली पाच जण गवतात. दोन वाटाडे असते तर मी त्याला जाऊ दिलं असतं, आणि खरं सांगायचं तर पुढच्या वेळी क्लाइंबर आणि बाकीची मंडळी अशी मिसळ असेल तर दोघांचे पैसे धरावेत.

तो रुसला, रसाळगडापर्यंत एक शब्द बोलला नाही. खालून वळसा घालून पुढे निघालो, झाडीत हवा कोंडलेली, पाणी भराभर संपत होतं, साडेबाराला प्रत्येकाकडे लिटरभर उरलं आणि तेव्हा आगळ आणि मीठ घातलेलं पाणी काय चीज आहे ते पोरांना कळलं. पावणेतीनला रसाळगडाच्या तोफा. चारला रसाळवाडीत एका घराच्या ओटीवर बिनदुधाचा चहा.

आणि त्या दिवशी पाऊस आलाच नाही. एक थेंब नाही. घ्यायला आलेला गाडीवाला बोलला की पोलादपूरकडे दुपारी चांगलाच आपटलाय, पण आमच्या रांगेवर आभाळ रात्रीपर्यंत कोरडं. मित्राचं तोंड लगेच सुटलं, "बघितलंस? थांबलो असतो तर सुमारगड झाला असता." झाला असता, बरोबर आहे. पण पोलादपूरवरचा ढग पंधरा-वीस किलोमीटर दक्षिणेला उठला असता तर तेव्हा आम्ही कुठे असतो हे तो बोलत नाही. पावणेदहा वाजता हातात जेवढं होतं, म्हणजे शेवाळ, घड्याळ आणि काकांचा अंगठा, त्यावर निर्णय झाला. संध्याकाळी आभाळ कोरडं राहिलं म्हणून सकाळचा निर्णय चुकीचा ठरत नाही, जसा शनिवारी पाऊस आला म्हणून आम्ही काही हुशार ठरलो नाही. यावर आमचं एकमत झालेलं नाहीये आणि होईल असं वाटत नाही.

तो आता जानेवारीत त्याच्या दोरवाल्या दोस्तांबरोबर जाणार आहे. तेव्हा कातळ कोरडा असेल, गवत वाळून बसलेलं, पावसाचा प्रश्नच नाही, फक्त टाक्यातलं पाणी खाली गेलेलं असेल तेव्हा बादलीला बांधायला दोरी हवी आणि वणव्याकडे लक्ष हवं. त्याने काकांचा नंबर मागितला, दिलाय, आणि सोबत सांगितलंय की दोन माणसं सांग, आणि पैसे आधी बोलून घे.